पंतप्रधानांच्या सवडीने

बान नोंगसिम,
१२ मार्च

चि. पिआक यास लमदुआनताईचे आशीर्वाद.

परवा तुला टीव्हीवर पाहिलं. अंगाने चांगला भरला आहेस, मंत्रिपद मानवलं म्हणायचं. इकडे दुकान ठीक चाललं आहे. यंदा लसूण नीट सुकला नाही, बराच सडला. त्याचा उपयोग झाला, ते पुढे लिहिते.

आई जाऊन पावसाळा संपला, थंडीही संपली. देवळात तिला औषध भरून ठेवलं, त्या शवपेटीपुढे तुझ्या नावाचं फुलांचं चक्र अजून उभं आहे. आधी तुझं अधिवेशन होतं, मग परदेश दौरा. मागच्या आठवड्यात तुझ्या सेक्रेटरीचा फोन आला, "पंतप्रधानांना पुढच्या रविवारी सवड आहे. अग्नी त्यांच्याच हस्ते. आईसाहेबांना तोवर ठेवा."

आई शेवटी काय म्हणाली ते तुला सांगितलं नव्हतं. "मला लवकर जाळ गं. त्याच्या प्रचारासाठी ठेवू नकोस."

लसूण विकता विकता तू निवडून आलास तो लोकांच्या मयतींवर. जिल्ह्यात कुणी गेलं की तू हजर. जाळण्याआधी पेटी उघडायला लावायचास, नारळ फोडून मढ्याच्या तोंडावर पाणी घालायचास आणि घरच्यांपेक्षा जास्त रडायचास. बायका म्हणायच्या, "असा मुलगा सगळ्यांना मिळो." आई तेव्हा मान खाली घालायची.

मंगळवारी आम्ही तिला जाळलं. मी होते आणि शेजारच्या दोघी. देवळातले मोठे भिक्षू म्हणाले, "जिवंत माणसांना ताटकळत ठेवायची त्याला सवयच आहे. मेलेलीची सुटका तरी आपण करू."

तिच्या जागी तसलीच दुसरी पेटी ठेवली आहे. वजनासाठी आत आपल्याच दुकानातला लसूण भरला. पोत्यात वर चांगला आणि तळाला सडका भरायचं तू मला शिकवलं होतंस. या वेळी सगळाच सडका भरला.

कार्यक्रम रद्द कर असं मी म्हणत नाही. मंडप उभा राहिला आहे, कॅमेरेवाले येणार आहेत, तुझं भाषणही लिहून झालं असेल. फक्त एवढंच, की गावाला सवय तूच लावली आहेस. पंतप्रधानांसमोर कुणीतरी म्हणेलच, "साहेब, पेटी उघडा, आईच्या तोंडावर पाणी घाला."

कोवळा नारळ मी आणून ठेवला आहे.

आईची मुलगी,
लमदुआन