टपोरे डोळे

१५ नोव्हेंबर २०२४, शेणवा

काल आईचं तेरावं झालं. घरात अजून माणसं आहेत. एक बाई आली, माझ्या तोंडासमोर हात नाचवून म्हणाली, "ओळख बघू मी कोण." मी म्हणाले, बसा. ती कोण होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. बोटांना मशेरीचा वास होता. अजून नाकात आहे.

आई अशी परीक्षा कधी घेत नसे. पायरीवरूनच म्हणायची, "नयू, मी गो, आई."

१७ नोव्हेंबर

माझ्या डोळ्यांत थेंब आता रुचिता घालते. मामाची मुलगी, आता माझ्या भावाची, संदेशची बायको. लहान असताना मे महिन्यात मुरबाडहून यायची, तेव्हाही हट्टाने तीच घालायची. तिचा हात हलत नाही. तोंड वाकडं होत नाही. बाकीच्यांचं होतं. दिसलं नाही तरी आवाजावरून समजतं.

औषध घशात उतरतं, कडूजहर. आई डोळ्याचा कोपरा दाबून शंभर मोजायची. रुचिता मोजत नाही. मीच मनात मोजते, साठाच्या पुढे आईचा आवाज येतो, मग थांबते.

१८ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख चुकली. सुतकात कोण नेणार. डावा गेलेलाच आहे. उजव्यात नळीतून बघावं एवढं उरलंय. जन्मजात काचबिंदू. पहिलं ऑपरेशन सहाव्या वर्षी झालं, तोवर जायचं ते गेलं होतं. आता जाड काळ्या पेनाने लिहिते. पानावर नऊ ओळी बसतात. मागच्या वर्षी चौदा बसायच्या.

१९ नोव्हेंबर

रुचिता बाळंतपणाला मुरबाडला होती. आई गेली म्हणून बाळाला घेऊन आली. मुलगी अडीच महिन्यांची आहे. भेटायला येणारी माणसं आईसाठी दोन मिनिटं रडतात आणि बाळाकडे वळतात. "काय टपोरे डोळे गो. हरणासारखे."

जनाकाकूने, आमच्या चुलतीने, अंगठ्याला थुंकी लावून बाळाच्या डोळ्यातलं पाणी पुसलं. मग त्याच बोटाने घरचं काजळ भरलं. मला शिसारी आली. उठून मोरीत गेले.

संदेश म्हणतो नाव सुनयना ठेवायचं, आईच्या मनात होतं. माझं नाव नयना. मलाही असंच बघून ठेवलं होतं.

२० नोव्हेंबर

बाळाला ओटीवर उजेडात आणलं की ती खांद्यात तोंड खुपसते. काकू म्हणते, "लाजते गो."

अडीच महिन्यांचं पोर लाजतं म्हणे.

२३ नोव्हेंबर

संदेश भात झोडायला गेला होता. रुचिता विहिरीवर. मी बाळाला खिडकीपाशी नेलं आणि माझ्या उजव्या डोळ्याला जवळजवळ टेकवून धरलं. नळीत एकच डोळा मावला. बुबुळ केवढं तरी मोठं. वर निळसर धुरकट - आरशावर वाफ धरावी तसं. मग दुसरा डोळा पाहिला. तोही तसाच.

तिला लगेच खाली ठेवलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

जेवताना सांगितलं. हे डोळे सुंदर नाहीत, आजारी आहेत. आत दाब वाढला की तान्ह्या बाळाचा डोळा फुगतो. मोठ्या डॉक्टरला दाखवा, आजच्या आज.

संदेश म्हणाला, "ताई, तुला सगळीकडे तेच दिसतं."

काकू म्हणाली, "अख्ख्या गावाला डोळे चांगले दिसतात. आणि जिला दिसत नाय तिला रोग दिसला."

संदेश हसला. हळू, पण हसला.

"तुझं झालं म्हणून सगळ्यांचं व्हायला हवं काय गो?" पुन्हा काकूच.

ताटावरून उठले. रुचिताने माझं ताट उचललं.

२७ नोव्हेंबर

काकूने रुचिताला बाळाच्या डोळ्यात दूध पिळायला लावलं. पाणी थांबतं म्हणे. थोड्या वेळाने पापण्या चिकटल्या, माशा बसल्या. माशांचा आवाज मला ऐकू येत होता. पाणी उकळून कापसाने पुसून काढलं. चिकट, आंबूस. हाताला साबण तीनदा लावला, तरी वास जाईना. या घराचा, या कौतुकाचा वीट आलाय. बाळाला जवळ घ्यायचीसुद्धा आता भीती वाटते.

मोरीतल्या आरशात माझा डावा डोळा अगदी जवळून पाहिला. उकडलेलं अंडं. त्याचीही तेवढीच किळस आली.

३० नोव्हेंबर

आईची पेटी उघडली. साड्यांना अजून तिचा वास आहे. तळाला माझा फोटो होता, आठ महिन्यांची असतानाचा, शहापूरच्या स्टुडिओतला. मला तो धड दिसत नाही, पण पाठ आहे. आईची मांडी, कपाळावर तीट, आणि डोळे.

रुचिताला दिला. तिने दारात उजेडात नेऊन पाहिला. मग बाळाच्या तोंडाशेजारी धरला असावा, कारण बाळ कुरकुरलं.

"ताई, एकच आहेत गो दोघींचे."

"हो."

"किती दिवस आहेत आपल्याकडे?"

"गेले तेवढे पुरे."

२ डिसेंबर

रुचिताने संदेशला सांगितलं, "मी ठाण्याला नेते पोरीला. तुमी येणार का बाबांना बोलवू मुरबाडवरून?"

येतो म्हणाला.

५ डिसेंबर, ठाणे

बाळाला झोपवून दाब मोजला. दोन्ही डोळ्यांत आहे. ऑपरेशन करावं लागेल, आधी उजव्याचं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत. लोक कौतुक करत बसतात."

मग विचारलं, "नवराबायको नात्यातले?"

"मामाचीच मुलगी," संदेश म्हणाला.

"तुमच्या बहिणीला हाच आजार. आईवडीलही नात्यातले होते?"

"हो. तेपण मामेबहीण-आतेभाऊ."

"मग नात्यात लग्न नको, असं कोणी सांगितलं नव्हतं?"

"नाय हो. कोणीच नाय."

सगळे माझ्याकडेच बघत असणार. मी म्हणाले, "आईला सांगितलं असेल. तिलाच भावाची मुलगी सून म्हणून हवी होती."

"आईपण ना," संदेश म्हणाला.

रुचिता रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

११ डिसेंबर

उजव्या डोळ्याचं झालं.

१८ डिसेंबर

डाव्याचंही. दाब उतरलाय. पुढे चष्मा लागेल, दर काही महिन्यांनी तपासणी, कदाचित आणखी एक ऑपरेशन. पण दिसेल, म्हणाल्या. शाळेत फळ्यावरचं वाचेल.

मी जिन्याखाली जाऊन उलटी केली. दोन दिवस पोटात चहाच होता.

५ जानेवारी २०२५

बारसं उरकलं. नाव मनस्वी. सुनयना नको, असं रुचितानेच सांगितलं.

काकूने पोरीला ओटीवर नेलं. म्हणाली, "आता लाजत नाय गो. कोंबड्यांकडे टकामका बघते." मग मला म्हणाली, "नयूमुळे पोरीचे डोळे वाचले." दीड महिन्यापूर्वी काय बोलली होती ते विसरली. दहा बायांसमोर माझ्या तोंडावरून हात फिरवला. तोच थुंकीचा अंगठा.

माणसं गेल्यावर रुचिता माझ्या पाया पडली. "ताई, तू होतीस म्हणून." मी पाय ओढून घेतले. तिला वाटलं संकोच.

८ जानेवारी

डॉक्टरांनी सांगितलं होतं, नात्यात लग्न नको. २०१५ साली, मला. आई तेव्हा खाली औषधाच्या रांगेत होती.

संदेशचं रुचिताशी ठरत होतं तेव्हा आईने मला विचारलं, "नयू, तुझ्या डोळ्यांचं हे नात्यातल्या लग्नामुळे तर नाय ना गो? डॉक्टर कधी काय बोलले होते?" मी म्हणाले, नाही.

मला रुचिता घरात हवी होती. आईनंतर थेंब घालायला.