गरम कपाटातली आंबील

मार्गशीर्ष वद्य नवमी
नातवाच्या घरात म्हातारीला बसायला धड पाट न्हाई, अन् काचेच्या नळ्या मात्र गाडाभर! असो. हुमनाबादेला सुखरूप पोचले. वीरण्णा रोगाचे जंतू तपासतो. शेजारच्या खोलीत त्याचं कपाट, खाली कंदील; सदा उबदार. आपण विरजण लावतो तसे तो त्यात जंतू लावतो. परमुलखातल्या नव्या तापाची एकच नळी आलीय, तिला हात लावू नका म्हणाला. मला काय तिची आमटी करायचीय? नातसून हेमावती पोटुशी आहे. पोरगी गुणी, भाकरी तेवढी जाड.

त्रयोदशी
येळवस, अमावस्येचा शेतातला सण, तोंडावर आली. निर्णा गावी माझ्या बहिणीच्या, दानम्माच्या शेतात सगळा गोतावळा जमणार, अन् आंबील माझ्याच गळ्यात. थंडीनं ती आंबेना. हेमावती म्हणाली चुलीजवळ ठेवा. चूल विझते, कपाट विझत न्हाई. वीरण्णा बाहेर गेलेला. नळ्या सरकवून मडकं आत ठेवलं. एक नळी आडवी झाली, तोंडचा कापूस निघाला. परत कोंबला. मडक्याचं फडकं जरा ओलं झालं, तेवढंच. उगं कशाला सांगा.

अमावस्या
आंबील झकास आंबली. आधी उभ्या ज्वारीत शिंपडली, मग पंगत. दानम्माचा गडी ग्यानबा वाटीवर वाटी ओरपत होता. वाढली हेमावतीनं. तिला खोकला, म्हणून मी पिऊ दिली न्हाई. मला आंबटानं सांधे धरतात. लई थकले.

पौष शुद्ध तृतीया
ग्यानबा गेला. दानम्माला इथं आणलंय, तापानं फणफणायलीय. तिची उस्तवार करून हात गळाले. वीरण्णा तिचं रक्त भिंगातून बघतो.

पंचमी
वीरण्णा म्हणाला, हा ताप आपल्या मुलखात नव्हताच, नुसता माझ्या नळीत होता. मग निर्ण्याला गेला कसा? सारखा स्वतःचेच हात धुवायलाय. मी कपाटाकडं बघितलं — ते फडकं —

षष्ठी
दानम्मा गेली. शेवटपर्यंत आंबीलच मागत होती. माझ्या हातची.
निर्ण्यात बोलायलेत — नातसुनेनं सगळ्यांना वाढली, आपण प्याली न्हाई — करणी केली म्हणं —

सप्तमी
अंगात कसकस. निर्ण्याची माणसं गाड्या भरून इकडं निघालीत म्हणं. हेमावती पोट धरून कोपऱ्यात —
वीरण्णा, ऐक. दार तिनं उघडायचं न्हाई. तूही तोंड उघडू नको. जाब मी देणार, मला उचलून उंबऱ्यावर बसव. मडकं माझं, कपाट मी उघडलं, ती नळी मीच —