न्हाणीतली चार भोकं

प्रिय आई,

काल आपल्या न्हाणीच्या भिंतीत चार भोकं पाडली. ड्रिल मशीननं, दिवसाढवळ्या, जिन्याचं दार सताड उघडं ठेवून. तू असतीस तर आधी ते दार लावलं असतंस आणि मग माझ्याकडं वळली असतीस! बादलीच्या तळाशी अजून सिमेंटची भुकटी आहे. ती धुवायच्या आधी तुला लिहावं म्हणून बसले.

मलकापुरातल्या या वरच्या मजल्यावर आपण नऊ वर्षं भाड्यानं काढली आणि एक खिळा ठोकला नाही. सांगून कुणाला पटेल का गं? कॅलेंडर खिडकीच्या कडीला. घड्याळ फ्रिजवर टेकवलेलं. देव स्टुलावर. कपड्यांची दोरी खिडकीच्या गजापासून दाराच्या बिजागरीपर्यंत, तिच्याखालून वाकून जाताना आप्पा रोज पुटपुटायचे. ओटा तुला उंच पडायचा, तर तू पाटावर उभी राहून भाकरी थापायचीस. मी चिडले की म्हणायचीस, "घर त्यांचं हाय बाई. आपुन पाटावर हुबं ऱ्हायचं."

ही खोड तुला माझ्यामुळं लागली, हे मला ठाऊक आहे. आप्पा पलटणीत होते तेव्हा क्वार्टर सोडायच्या दिवशी एक बाबू यादी घेऊन यायचा. बल्ब मोजायचा, कड्या हलवून बघायचा. त्याच्या आदल्या दिवशी तू भिंतीवरची सगळी भोकं टूथपेस्टनं बुजवायचीस. मी दुसरीत होते. दप्तर अडकवायला दाराआड एक मोठा खिळा ठोकला होता मी. तो तुला दिसला नाही, बाबूला दिसला. "हवालदार, दीवार तेरे बाप की है क्या?" असं तो सगळ्या शेजाऱ्यांपुढं म्हणाला, आणि आप्पा मान खाली घालून उभे राहिले. तू मला मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून आपल्या घरातला हातोडा ट्रंकेच्या तळाला गेला.

पुढं आप्पा निवृत्त झाले, पाटणकडचं गावचं घर काकांच्या वाटणीला गेलं, आणि आपली म्हणावी अशी भिंत कधी झालीच नाही.

मग तुझे गुडघे गेले. न्हाणीत उठताना तू नळ धरायचीस. नळ ढिला झाला, तर त्यालाच चिंधी गुंडाळलीस! डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धरायला पक्का दांडा बसवा. मी म्हणाले, खाली जाऊन मालकांना विचारते. तू माझा हात धरलास.

"नगं. म्हातारी पडाय लागली म्हणून कळलं तर घर सोडा म्हनतील. दुखनाईत मानूस कोन ठिवतंय आपल्या घरात?"

म्हणजे तुला खिळ्याची भीती नव्हतीच, खरं ना? मालकीणबाई अंगणात दिसल्या की तू जिना ताठ मानेनं चढायचीस. एकही पायरी न थांबता. आणि वर आल्यावर दार लावून भिंतीला टेकून बसायचीस, तोंडात पदर धरून. मी ते बघत होते, आई. बघत होते आणि गप्प होते.

गप्प तरी कुठं होते? मी हुशारी केली. मोबाईलवरून एक हँडल मागवलं. दोन्ही टोकांना रबरी वाट्या, टाइलवर दाबायचं की चिकटलं. खिळा नाही, भोक नाही, कुणाला विचारायला नको. तुला किती आवडलं होतं ते! आप्पांना बोलावून दाखवलंस. "पोरगी लय डोक्याची हाय माजी," म्हणालीस.

पाच महिने ते चिकटून राहिलं. मग एके दिवशी मी शाळेत शिकवायला गेले होते, आप्पा दूध आणायला. ते परत आले तेव्हा तू न्हाणीत पडलेली होतीस आणि हँडल तुझ्या मुठीतच होतं. तू सोडलं नव्हतंस गं. त्यानंच भिंत सोडली होती.

दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तू पहिलं काय विचारावंस? "फरशी फुटली का गं?" तुझ्या हातातला पितळी तांब्या आपटून एका फरशीचा टवका उडाला होता. मी म्हणाले, नाही फुटली. तुला शेवटचं बोललेलं हे खोटं. त्यानंतर ताप चढला, तो उतरलाच नाही. अठराव्या दिवशी तू गेलीस.

तेराव्याला तुझा फोटो लावायचा होता. हार घातलेला फोटो फ्रिजवर घड्याळाशेजारी कसा ठेवायचा? आप्पा म्हणाले, "ट्रंकंवर ठिवा." माझं डोकं फिरलं. मी खाली गेले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मालकांना विचारलं, "एक खिळा ठोकू का?"

ते माझ्याकडं बघतच राहिले. "आवं ताई, खिळ्याला काय इचारताय?" मग मला काय झालं कोण जाणे, मी दांड्याचंही बोलून गेले. डॉक्टरांनी सांगितलेला, आम्ही न बसवलेला. ते उठले. मला त्यांच्या न्हाणीपाशी घेऊन गेले. भिंतीला दोन स्टीलचे दांडे होते, त्यांच्या वडिलांसाठी बसवलेले. आपल्या न्हाणीच्या बरोबर खाली, आई! मिस्त्री दोन वर्षांपूर्वी येऊन गेला होता. ते ड्रिल आपण दोघींनी वर बसून ऐकलंही असेल.

"एका शब्दानं बोलला असता तर त्याच दिवशी वर बी बसवून दिला असता," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला मात्र त्यांचा राग आला. ते वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

का नाही विचारू दिलंस? आणि तू हात धरलास तर मी तो सोडवून का नाही गेले? तुझ्यावर रागावते आणि मग माझ्यावर. दिवसभर हेच चाललेलं असतं.

आता आप्पांचं ऐक. तू गेल्यावरही ते त्याच न्हाणीत, तोच चिंधी गुंडाळलेला नळ धरून उठत होते. मिस्त्रीला बोलावते म्हटलं तर म्हणाले, "न्हाई. दुसऱ्याची भित हाय." मालकांनी हो म्हटलंय सांगितलं, तरी तेच. शेवटी मी ओरडले, "आप्पा, आई त्या भिंतीपायी गेली! आता तुम्हाला पण तिथनं उचलू का मी?" फार लागलं त्यांना. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडून त्यांनी हातोडा काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

काल मिस्त्री आला. पेन्सिल घेऊन त्यानं आप्पांना विचारलं, "दादा, किती उंचीवर घ्यायचा?" मी सांगणार होते की आप्पांच्या कमरेएवढा घ्या. पण आप्पा आत गेले. नळापाशी वाकले आणि तळहात भिंतीवर ठेवला, बराच खाली.

"हितं," म्हणाले. "तिचा हात हितं यायचा."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. त्यानं तिथंच खूण केली.

दांडा पक्का बसलाय. मी सगळं वजन टाकून लोंबकळून पाहिलं. आप्पांना तो धरायला वाकावं लागतं. वर अजून एक बसवूया म्हटलं तर ऐकत नाहीत, पण आज सकाळी त्यालाच धरून उठले. नळाची चिंधी मी सोडून टाकली. तुझा फोटो खिळ्यावर आहे, पाटाच्या बरोबर वर.

एक शब्द देते तुला. आप्पांसाठी जे लागेल ते मी जाऊन विचारीन. मालकांना, डॉक्टरांना, ज्याला विचारायचं त्याला, लाज सोडून विचारीन. कुणी माझा हात धरला तरी.

आणि फरशी फुटली होती, आई. मालक म्हणाले बदलून देतो. मी म्हटलं, राहू द्या.

तुझीच,
दाराआड खिळा ठोकलेली
शालन