सहा व्होल्टचा झटका आणि कोंडवाड्याचे दार

दि. ११ फेब्रुवारी १९७६

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब,
पंचक्रोशी शिक्षण मंडळ, कर्जत, जि. कुलाबा.

विषय : विद्यार्थिनीस मेन लाईनचा झटका दिल्याच्या खोट्या आरोपाबाबत, व त्याच्या खुलाशात झालेल्या मारहाणीबाबत.
संदर्भ : आपली बडतर्फीची नोटीस.

महोदय,

१. अर्जदार काशिनाथ चांगो ठोंबरे हा कडावकडच्या आपल्या शाळेत शास्त्र शिकवतो. दहावीच्या वर्गात त्याने टॉर्चचे चार सेल, मिळून सहा व्होल्ट, जुन्या रेडिओतील तारेच्या वेटोळ्याला जोडले होते. मैना नागू भगत हिने वेटोळ्याची टोके बोटांत धरून सेलची तार सोडवली, तोच झटका बसून ती बाकावरून पडली व तिचा हात मोडला. “मास्तरानं पोरीला लाईट लावली रं” अशी ओरड झाली. तिचा बाप नागू कोयता घेऊन वर्गात शिरला. अर्जदार टेबलाखाली गेला म्हणून वाचला, टेबल वाचले नाही. नागूने मैनाचे नाव शाळेतून काढले. आपल्या नोटिशीत म्हटले आहे की सहा व्होल्टने माणूस पडत नाही, सबब अर्जदाराने मेन लाईनच जोडली असणार.

२. सेलमध्ये जोर नसतो हे कबूल. पण वेटोळ्यातून एकदा चालू लागलेला प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो. तोडला की उसळतो. हे गावाला आकड्यांनी पटेना, म्हणून अर्जदाराने माणसांचेच सर्किट करून दाखवायचे ठरवले. खालच्या आळीचे गडी प्रवाह झाले. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, ढोलाच्या ठेक्यावर, आधी चालत व मग धावत त्यांनी कोंडवाड्याच्या दारातून फेऱ्या घ्यायच्या होत्या. दार हा स्विच. तो वरच्या आळीच्या मोरूकडे दिला, आणि इथेच माशी शिंकली. दोन्ही आळ्यांत पालखीच्या मानावरून जुने वैर आहे. अर्जदारास ते ठाऊक होते, पण शास्त्राच्या कामात ते कोणी काढील असे वाटले नाही.

३. गडी पुरते वेगात आले आणि मोरूने दार धाडकन लावून आडणा घातला. पहिल्याचे नाक फुटले. मागच्यांना थांबता येईना, ते आदळतच राहिले, आणि दार बिजागऱ्यांसकट मोरूच्या अंगावर गेले. त्याच्या बरगड्या मोडल्या. प्रयोग येथवर यशस्वी झाला होता. मग वरच्या आळीने कुंपणाच्या मेढी उपटल्या, खालच्या आळीने धोंडे उचलले, मोरूची आई धोंडूबाई मुसळ घेऊन आली, आणि कोणाचे डोके कोणी फोडले याचा हिशोब राहिला नाही. दमल्यावर सर्वांना आठवले की ही कल्पना मास्तरची. वर्षानुवर्षे न बोलणाऱ्या दोन आळ्या तेव्हा एक झाल्या व त्यांनी अर्जदारास शेणात लोळवून तुडवले. त्यात त्याचा उजवा हात व पुढचा दात गेला. खोटे कशाला लिहावे, अर्जदार लहान पोरासारखा रडला.

४. तो तसाच पडलेला असता, हात गळ्यात बांधलेली मैना जवळ येऊन बसली आणि म्हणाली, “मास्तर, दार हळूहळू लावलं असतं तं मोडलं नसतं ना?” साहेब, इतक्या वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न अर्जदारास कोणी विचारला नव्हता. ही मुलगी आता शाळा सोडून शेण थापणार आहे, याचे दुःख त्याला हाताहून जास्त आहे.

५. सबब विनंती की, सोबतच्या वेटोळ्याची टोके साहेबांनी स्वतःच्या बोटांत धरावीत, सेल जोडावेत, व तार एकदम सोडवावी. सेल सहाच व्होल्टचे आहेत. काही झाले नाही, तर अर्जदारास खुशाल बडतर्फ करावे. झालेच, तर हाताची थरथर थांबल्यावर, त्याच हाताने, मैनाचे नाव पुन्हा पटावर घेण्याचा हुकूम लिहावा.

आपल्या हुकुमाची वाट पाहणारा,
का. चां. ठोंबरे
(सही डाव्या हाताची आहे.)

सोबत : वेटोळे एक, सेल चार. दात सापडला नाही.