जिन्यावरचे लोक अजून आलेले नाहीत

चि. जावईबापूंस,

तुमच्याच कार्यालयाच्या जिन्यावरून सासऱ्याचे अनेक आशीर्वाद. तब्येत कशी आहे? पाय दुखत नसतील. वरच्या मजल्यावर केबिनमध्ये बसून रांगेचं शास्त्र चालवणाऱ्याचे कशाला दुखतील! इकडे माझे गुडघे सोडले तर सर्व क्षेम.

मी हयात असल्याचा दाखला द्यायला आलोय. आज शेवटचा दिवस. खिडकी बंद व्हायच्या आत पोचलो नाही, तर उद्यापासून सरकारदरबारी मी वारलो आणि पेन्शन बंद.

पूर्वी चार खिडक्या, चार रांगा होत्या. एकीत मी, दुसरीत तुमच्या सासूबाई, तिसरीत माझे मेहुणे (त्यांचं तिथे काहीच काम नसायचं, म्हणून तर आणायचे) आणि चौथीत पिशवी. ज्याची रांग आधी सरकेल त्याच्याकडे बाकीच्यांनी धाव घ्यायची. (बहुतेकदा पिशवी जिंकायची.) तुमच्या गणिताने हा घरगुती उद्योग बुडवला. आता सगळ्यांची मिळून एकच रांग, आणि यंत्रातून टोकन. शास्त्राला धरून आहे, मान्य. दारावर तुमचा फोटो, खाली ठळक अक्षरांत ‘सरासरी प्रतीक्षा सहा मिनिटं’. वाचून ऊर भरून आला. वाचायला वेळही भरपूर मिळाला, कारण सकाळपासून तो फोटोच माझ्यासमोर आहे.

शेवटी दारावरच्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, “आजोबा, वेळ टोकन घेतल्यापासून मोजतात. टोकन आत मिळतं. जिन्यावरचे लोक अजून आलेलेच नाहीत.” म्हणजे मी जिवंत आहे हे सांगायला आलो, आणि तुमच्या हिशेबात मी मुळात आलोच नाही! केर उंबऱ्याबाहेर लोटला की घर स्वच्छ दिसतं, हे लहानपणी मलाही जमायचं. त्यासाठी कुणी माझा फोटो लावला नाही, एवढंच.

सासूबाई म्हणाल्या, “शिपायाला सांगा ना, जावई आपलाच आहे म्हणून.” मी साफ नकार दिला. ओळख सांगून पुढे घुसणं आमच्या रक्तात नाही. त्या फणकाऱ्याने कुठेतरी निघून गेल्या.

तुमचा, तूर्त हयात,
सासरा

ता. क. वर चहा नेणाऱ्याला कुणी अडवत नाही, म्हणून हे पत्र त्याच्या हाती पाठवतोय. चहा झाला की खाली येऊन शिपायाला एवढंच सांगा, की मी आलोय.

आणखी एक. चहा राहू द्या, आधी या. शिपाई सांगतो, सासूबाई तुमचं नाव सांगून केव्हाच आत गेल्यात. खिडकीवर विचारलं, “यजमान कुठे आहेत?” तर म्हणाल्या, “ते अजून आलेले नाहीत.” त्यावर कारकुनाने त्यांना सुचवलंय, की विधवांची खिडकी शेजारीच आहे, तिथे खुर्च्या आहेत, पंखा आहे, रांग अजिबात नाही. त्या खुर्चीवर बसल्यात आणि विचार करताहेत.