गिधाडं आणि माझं इंजेक्शन

मंगळवार, १२ डिसेंबर २००६

आज राजुरीत गाय तपासायला गेलो होतो. काम झाल्यावर म्हातारे किसनभाऊ ओढ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "डॉक्टर, परवा बैल मेला, तिथं टाकला. नुसती कुत्री आली. पयलं गिधाडं लई व्हती. कुठं गेली वो?"

उत्तर मला ठाऊक होतं. आपल्या कड्यांवर घरटी करणारं ते लांब चोचीचं गिधाड आता अतिसंकटग्रस्त ठरलंय. जनावराचं दुखणं थांबवायला देतात ते इंजेक्शन मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. यंदा त्या औषधावर बंदी आली. पण इतकी वर्षं या गावांत ते इंजेक्शन कोण देत होतं? मीच ना? चांगल्या मनानं दिलं, हे खरं. पण दिलं.

शेवटी भाऊंना सगळं सांगितलं.

"माज्या बैलांनाबी दिलं व्हतं का?"

"हो. बऱ्याचदा."

"तुमाला तवा ठावं नव्हतं, डॉक्टर," असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

ते रागावले असते तर बरं झालं असतं.