डीएनए न घालता

३ फेब्रुवारी, सोमवार

खोटं! साफ खोटं! म्हणे, "ताई, तुमचं कॉपर डीएनएला चिकटतच नाही." हा अभिनव. लॅबमध्ये येऊन जेमतेम चार महिने झालेत! आणि बोलला कुठे? मीटिंगमध्ये, सरांच्या तोंडावर, सगळ्यांच्या देखत. आधी माझ्याकडे यायला काय झालं होतं?

तीन वर्षं घासतेय मी. कॉपरचा तो हिरवा रेणू माझ्या हातांनी बनवलाय. डीएनएला एरवी दोन पदर असतात, पण कधीकधी चार पदरांची गाठ पडते — माझा रेणू नेमकी ती गाठ धरतो. रेणूच्या पाण्यात डीएनए थेंबथेंब घालायचं, की हिरवा रंग उतरत जातो. शंभरदा पाहिलंय. शुक्रवारी पेपर जाणार, त्यावर माझा थीसिस अडलाय. आणि हे महाशय आत्ता उगवले!

४ फेब्रुवारी

त्याची गाठच नीट पडली नसणार. डीएनए तापवून सावकाश थंड करावं लागतं. तसं सुनावलं. तर म्हणतो, "केलं ना ताई. फक्त मी क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये मोजलं, तुम्ही प्लास्टिकच्या वापरता."

वापरते! रंग मोजायची ती महागडी क्वार्ट्झची काचनळी एकदा माझ्या हातून फुटली, तेव्हा सरांनी आकाशपाताळ एक केलं होतं. तेव्हापासून क्वार्ट्झच्या कपाटाला हात लावलेला नाही. रंग काय, दोन्हीतून दिसतो.

६ फेब्रुवारी

आज पुन्हा! सरांसमोर विचारतो, "ताई, डीएनए न घालता मोजलंय का कधी? नुसतं कॉपर?" हे मला विचारतो! बीएस्सीच्या पोरांना विचारतात हे! डोकंच फिरलं. "हो, मोजलंय," म्हणाले.

सर म्हणाले, "अहो अभिनवराव, झालं समाधान? आपण आधी पिपेट धरायला शिका." सगळे हसले. मीही हसले. दुपारी सरांनी त्याला या कामावरून काढलं.

बरं झालं.

७ फेब्रुवारी

पेपर गेला. लॅबमधल्या पूर्णिमाने मंडईतून स्ट्रॉबेऱ्या आणल्या होत्या. लॅबभर वाटल्या. अभिनव कोपऱ्यात बाटल्या धूत होता, त्याला कुणी बोलावलं नाही. मीही नाही.

राग मात्र जात नाही. आता कसला? जिंकले ना? ते नुसतं कॉपर मोजल्याची नोंद शोधतेय. तिन्ही वह्या चाळल्या. कुठेच नाही.

१० फेब्रुवारी

आज मोजलं. नुसतं कॉपर, प्लास्टिकच्या क्युव्हेटमध्ये, डीएनएचा थेंबही नाही. रंग उतरला. तेवढाच! प्लास्टिकलाच चिकटतंय ते — तीन वर्षं!

पेपर मागे घ्या, असा मेल सरांना पाठवला. कॉपी अभिनवला. पहिलं वाक्य — त्या दिवशी मी खोटं बोलले.